पुस्तक हरलेल्या डावातून निवडावे

कुंभार्ली घाटाच्या पायथ्याच्या पोफळी गावात ज्या घरात बुद्धिबळाचा पट आहे, त्या घरातून एक प्रश्न हमखास येतो : मुलाला पुढे जायचे आहे, कोणते पुस्तक घेऊ? २८ जुलै २०२५ रोजी जॉर्जियातील बातुमी येथे नागपूरच्या दिव्या देशमुखने कोनेरू हंपीला टायब्रेकमध्ये हरवून महिलांचा विश्वचषक जिंकला. त्याच विजयाने ती ग्रँडमास्टरही झाली. त्यानंतर मराठी घरांत हा प्रश्न अधिक कळकळीने विचारला जाऊ लागला, आणि त्याचा मला आनंदच आहे. मात्र प्रश्नाचा क्रम उलटा आहे असे मला वाटते. पुस्तक कोणते, हे पुस्तकांच्या यादीवरून ठरत नाही. मुलगा हरतो कुठे, यावरून ते ठरते. आणि तो कुठे हरतो, हे बहुतेक घरांत कोणीच तपासलेले नसते.

पूर्वी अडचण वेगळी होती. पुस्तक मिळायचेच नाही. ज्याच्याकडे एखादे असेल, त्याच्याकडून ते फिरत फिरत यायचे आणि पाने सुटेपर्यंत वाचले जायचे. आज पोफळीच्या मुलाच्या हातात मोबाइल आहे आणि त्यावर सारे काही आहे. लीचेससारख्या संकेतस्थळावर पैसे न देता खेळता येते, कोडी सोडवता येतात, जगभरच्या उस्तादांचे डाव पाहता येतात. स्टॉकफिशसारखे, विश्वविजेत्यालाही हरवणारे इंजिन फुकट मिळते. व्हिडिओंना तर अंत नाही. पुण्यातल्या मुलाला जे मिळते, त्यातले छापील आणि डिजिटल साहित्य कुंभार्ली घाटाच्या पायथ्याशीही तेवढेच मिळते. अशा वेळी साधनांची भर घालणारा सल्ला निरुपयोगी असतो. काय बाजूला ठेवायचे, हे सांगणारा सल्ला हवा.

भाषेची अडचण पुढे केली जाते. चांगली पुस्तके इंग्रजीत आहेत हे खरे आहे. द्रोणाचार्य पुरस्कार मिळालेले प्रशिक्षक रघुनंदन गोखले यांच्यासारखी माणसे मराठी वृत्तपत्रांतून सातत्याने लिहीत आली, तरी पायरीपायरीने शिकवणारा मराठी ग्रंथसंग्रह आपल्याकडे अजून फार तोकडा आहे, आणि ही उणीव भरून निघायला हवी. पण तोवर थांबून राहण्याचे कारण नाही. पटावरील घरांची आठ अक्षरे, आठ आकडे आणि मोहऱ्यांच्या खुणा कळल्या की डाव वाचता येतो. बेलग्रेडहून १९६६ पासून निघणाऱ्या ‘इन्फॉर्मेटर’ या डावसंग्रहाने तर शब्द जवळजवळ वगळून केवळ खुणांवर जगभरच्या खेळाडूंना शिकवले. जिल्हा परिषदेच्या शाळेतला सातवीचा विद्यार्थी जुन्या उस्ताद कॅपाब्लँकाचा डाव पटावर मांडू शकतो. त्यावरील टिपण वाचताना अडला, तर गावातला एखादा दादा किंवा ताई त्याला पाच मिनिटांत अर्थ सांगू शकते.

आता हरण्याकडे येऊ. एखाद्या मुलाने स्पर्धेत किंवा घड्याळ लावून घरी खेळलेले, नोंद ठेवलेले हरलेले डाव एका वहीत एकत्र करा. प्रत्येक डावात तो नेमका कोणत्या चालीला बिघडला, तिथे खूण करा. मग त्या चालीच्या वेळी मुलाच्या मनात काय होते, ते त्याच्याच शब्दांत लिहून घ्या. हे काम कंटाळवाणे आहे. सुरुवातीला मुलाला रडू येते, पालकांना राग येतो. पण त्यातून जे चित्र उभे राहते, ते कोणत्याही पुस्तकविक्रेत्याच्या यादीपेक्षा मोलाचे असते. नव्या खेळाडूंच्या बाबतीत ते चित्र बहुतेक वेळा एकाच प्रकारचे निघते : मोहरे फुकट गेले, प्रतिस्पर्ध्याची धमकी दिसलीच नाही, घाईत शह दिला. सिसिलियन बचावातील अठरावी चाल माहीत नव्हती म्हणून हरलेला डाव त्यात क्वचितच सापडेल. आणि तरीही त्याच मुलाच्या दप्तरात सिसिलियनचे पुस्तक असते, कारण ओपनिंगचे, म्हणजे डावाच्या सुरुवातीच्या चालींचे, पुस्तक घेतले की काहीतरी ठोस हातात आल्यासारखे वाटते. चाली पाठ होतात, पाहुण्यांसमोर म्हणून दाखवता येतात. नवव्या चालीला समोरचा मुलगा पुस्तकाबाहेर गेला की मात्र त्या पाठांतराचा काही उपयोग उरत नाही.

इमॅन्युएल लास्कर सत्तावीस वर्षे विश्वविजेता होता. १९२० च्या दशकात लिहिलेल्या आपल्या ग्रंथात त्याने शिकणाऱ्याच्या वेळेची वाटणी करून दाखवली. एकूण दोनशे तास. नियम आणि सरावाला पाच, प्राथमिक एंडगेमला (डावाच्या अखेरीला) पाच, ओपनिंगला दहा, कॉम्बिनेशनला (डावपेचांच्या साखळीला) वीस, स्थितीच्या खेळाला चाळीस. उरलेले एकशे वीस तास त्याने प्रत्यक्ष खेळ आणि खेळलेल्या डावांचे पृथक्करण यांसाठी ठेवले. एवढ्या अभ्यासात, विशेष प्रतिभा नसलेल्या माणसालाही चांगला खेळाडू करता येईल, असा त्याचा विश्वास होता. दोनशे तासांचा हिशेब आजच्या स्पर्धेच्या दृष्टीने अपुरा आहे, हे मान्य. पण प्रमाण पाहा. वीस तासांत एक तास ओपनिंग, बारा तास खेळ आणि त्याची चिरफाड. आपल्या मुलांच्या आठवड्याचा हिशेब मांडला तर बहुतेक ठिकाणी हे प्रमाण उलटे दिसते. चिरफाडीला तर वेळच दिलेला नसतो. शंभर वर्षांत इंजिने आली, ओपनिंगचे ज्ञान अफाट वाढले, पण सुरुवातीच्या टप्प्यावरच्या खेळाडूला ही वाटणी आजही लागू पडते, कारण त्याच्या चुकांचे स्वरूप शंभर वर्षांत बदललेले नाही.

मग चुकांवर उपाय काय? इथे मला घोकंपट्टीची बाजू घ्यायची आहे. आपल्याकडे हा शब्द आता हेटाळणीने वापरतात. ‘समजून घ्या, पाठ करू नका’ हा शिक्षणाचा मंत्र झाला आहे. पण बुद्धिबळात नजर तयार होते ती पुनरावृत्तीनेच. डच मानसशास्त्रज्ञ आद्रियान द ग्रोट याने १९४६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दाखवले की उस्ताद खेळाडू काही सेकंद पाहिलेली स्थिती जवळजवळ जशीच्या तशी पुन्हा मांडतो. दुबळ्या खेळाडूला ते जमत नाही. पुढे १९७३ मध्ये अमेरिकेत विल्यम चेस आणि हर्बर्ट सायमन यांनी मोहरी पटावर कशीही विखरून ठेवली, तेव्हा उस्तादाचा हा वरचष्मा जवळजवळ नाहीसा झाला. म्हणजे त्याची स्मरणशक्ती मुळात निराळी नव्हती. खऱ्या डावांतील मोहऱ्यांच्या ओळखीच्या मांडण्यांचा मोठा साठा त्याच्याजवळ होता. तो साठा एकेक करून, परत परत पाहूनच जमतो. आपल्या आजीआजोबांनी पाढे ज्या पद्धतीने तोंडी म्हणून घेतले, त्या पद्धतीचे मोल इथे कळते : सातनव्वे विचारल्यावर उत्तर शोधावे लागत नाही, म्हणून मोकळे डोके पुढच्या हिशेबाला लागते.

स्वीडनचा हान्स टिकानेन २०१० मध्ये कोड्यांचा एकच संच पुन्हा पुन्हा सोडवत राहिला, प्रत्येक फेरीत आधीपेक्षा कमी वेळात, आणि त्यानंतर सात आठवड्यांत ग्रँडमास्टर किताबाचे तीनही निकष पुरे केले. पुढे त्याने अ‍ॅक्सेल स्मिथबरोबर या पद्धतीवर ‘वूडपेकर मेथड’ हे पुस्तक लिहिले. त्यात १,१२८ कोडी आहेत. त्या सर्वांमागे सुरुवातीच्या खेळाडूने लागू नये. सोप्या दोनशेचा संच घ्यावा आणि त्याच्या चार-पाच फेऱ्या कराव्यात. मोबाइलवर रोज नवी कोडी येत राहतात. त्यांत रंजन अधिक आहे, पण तीच कोडी परत समोर येतील याची खात्री नसल्याने नजर रुळत नाही. म्हणून कोड्यांसाठी छापील पुस्तकच घ्यावे, असे मी आग्रहाने सांगतो. पान तेच, आकृती तीच, कोपऱ्यात पेन्सिलीने लिहिलेली मागच्या फेरीची वेळ तीच.

हा मार्ग आपल्याला परका नाही. १८१४ साली मुंबईत त्रिवेंगडाचार्य शास्त्री यांचे बुद्धिबळावरील पुस्तक इंग्रजीत छापले गेले. मूळ संस्कृतावरून त्यांनी ते युरोपीय पद्धतीच्या खेळाला अनुसरून तयार केले होते. त्यात प्रामुख्याने स्थिती दिलेल्या आहेत. शिकणाऱ्याची सुधारणा व्हावी आणि स्मरणाला व्यायाम मिळावा, हा हेतू त्यांनी पुस्तकाच्या शीर्षकातच नोंदवला आहे. दोनशे वर्षांपूर्वी एका शास्त्र्याने शिकवण्यासाठी स्थितींचा संग्रह निवडला, याचा आपल्याला अभिमान वाटायला हवा, आणि त्या निवडीमागचा विचार आपण पुन्हा हाती घ्यायला हवा.

कोड्यांनाही मर्यादा आहे, आणि ती लपवून ठेवली तर मुलांची फसवणूक होते. कोडे समोर आले की ‘इथे काहीतरी आहे’ हे आधीच कळलेले असते. डावात तसे कोणी सांगत नाही. चाळीस चालींच्या डावात कॉम्बिनेशनची जागा एकदाच येते, तीही कधी समोरच्याची असते. जागा आली आहे हे ओळखण्याची सवय फक्त डाव खेळून आणि त्यावर नंतर बसूनच लागते. मुलगा कोडी झपाट्याने सोडवतो आणि तरीही हरतो, याचे कोडे पालकांना उलगडत नाही, त्याचे कारण इथे आहे.

एंडगेमबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण आपल्याकडे त्याची सर्वांत जास्त उपेक्षा होते आणि थोड्या कष्टांत सर्वांत जास्त फळ तिथेच मिळते. राजा आणि एक प्यादे विरुद्ध एकटा राजा, ही स्थिती घ्या. आपला राजा आपल्या प्याद्याच्या पुढे, सहाव्या ओळीत जाऊन बसला, तर चाल कोणाचीही असो, डाव जिंकता येतो. कडेचे प्यादे तेवढे याला अपवाद. राजा प्याद्याच्या मागे राहिला आणि समोरच्याने राजे समोरासमोर ठेवण्याचे तंत्र जाणले, तर तोच डाव बरोबरीत सुटतो. एवढे एक सूत्र ज्याला पक्के ठाऊक आहे, त्याला दहा चाली आधीच कळते की मोहऱ्यांची अदलाबदल करावी की टाळावी. म्हणजे एंडगेम शिकल्याने मिडलगेमची चाल सुधारते. ओपनिंगच्या ज्ञानाने असे होत नाही. ते पुढच्या वर्षी जुने होते. राजा-प्याद्यांचे हे सूत्र लास्करच्या काळीही खरे होते आणि पन्नास वर्षांनीही राहील. त्यासाठी ड्वोरेत्स्कीचा जाडजूड ग्रंथ लागत नाही. तो मोठ्या खेळाडूंसाठी आहे आणि चुकीच्या हाती पडला तर एंडगेमची कायमची भीती बसवतो. खेसुस दे ला वियाच्या शंभर एंडगेमच्या पुस्तकातील पहिली काही प्रकरणे, किंवा कॅपाब्लँकाच्या १९२१ च्या पुस्तकाचा आरंभ, एवढे पुष्कळ आहे.

ज्याच्या हरलेल्या डावांत मोहरे फुकट जाताना दिसत नाहीत, पण ‘पुढे काय करायचे ते सुचले नाही’ असे वारंवार लिहिलेले आढळते, त्याने अर्विंग चेर्नेव्हचे प्रत्येक चालीचे कारण सांगणारे पुस्तक घ्यावे. त्यात तेहतीस डाव आहेत आणि इंग्रजी सोपे आहे. निम्झोविचचा ग्रंथ मात्र लांबणीवर टाकावा. तो थोर आहे, पण त्यातली सूत्रे अनुभव नसलेल्या मुलाच्या तोंडी ऐकून मला नेहमी वाईट वाटते. प्याद्यांच्या साखळीवर असा मुलगा बोलतो आणि पुढच्याच चालीला घोडा देऊन बसतो.

शिक्षक हवाच, असे अनेकांचे म्हणणे. परवडत असेल आणि मिळत असेल तर जरूर घ्यावा. पण शिक्षक दोन कामे करतो. पुढे काय शिकायचे ते ठरवतो, आणि शिष्य स्वतःची समजूत घालत असेल तर त्याला तिथे पकडतो. पहिले काम हरलेल्या डावांच्या वहीने बरेचसे भागते. दुसऱ्यासाठी माणूसच लागतो, पण तो आपल्याहून मोठा खेळाडू असायलाच हवा असे नाही. बरोबरीचा, स्पष्ट बोलणारा सोबती पुरतो.

सोबत्याचे मोल खाडिलकर भगिनींनी दाखवून दिले आहे. वासंती, जयश्री आणि रोहिणी या तिघी एकाच घरात वाढल्या. वडील नीलकंठ खाडिलकर ‘नवाकाळ’चे संपादक. १९७४ मध्ये महिलांची पहिली राष्ट्रीय स्पर्धा वासंतीने जिंकली आणि पुढची अनेक वर्षे तो किताब या घराबाहेर गेला नाही. रोहिणी १९७६ मध्ये पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत उतरली. त्यावर वाद झाला, तेव्हा जागतिक महासंघाला निर्णय द्यावा लागला की स्त्रियांना स्पर्धेतून वगळता येणार नाही. या बहिणींपाशी इंजिन नव्हते, लाखो डावांचा संग्रह नव्हता. रोज समोर बसणारी, आपल्या सवयी ओळखणारी आणि हार मानायला तयार नसलेली बहीण होती. हे साधन विकत मिळत नाही, पण पोफळीत ते तयार करता येते.

सांगलीची कथाही हेच सांगते. भाऊसाहेब पडसलगीकरांनी १९४१ मध्ये तिथे नूतन बुद्धिबळ मंडळ उभे केले आणि सांगलीला बुद्धिबळाची पंढरी म्हणू लागले. नामवंत खेळाडू भाग्यश्री साठे तिथलीच. स्वाती घाटेही. सांगली हे मुंबई-पुण्यासारखे महानगर नव्हते. तिथे दशकानुदशके एकाच ठिकाणी पट मांडला जात होता, आणि जो येईल त्याला खेळायला कोणीतरी मिळत होते. पोफळीहून कुंभार्ली घाट चढून हेळवाकला गेले की कोयनेच्या काठाने पाटण, कऱ्हाड आणि पुढे सांगली. ही वाट चांगली आहे. तिच्यावरून वर्षातून एकदा तरी इथल्या मुलांनी खेळायला जावे.

इंजिनाविषयी माझे मत कडक आहे. डाव संपला की लगेच इंजिन लावणे म्हणजे विचार करण्याची संधी स्वतःच्या हाताने फेकून देणे. ते उत्तम चाल सांगते, पण आपण चुकीची चाल का खेळलो हे त्याला माहीत नसते. डी. गुकेशचा प्रशिक्षक विष्णू प्रसन्न याने त्याला बरीच मोठी मजल मारेपर्यंत इंजिनापासून दूर ठेवले होते, आणि तो मुलगा डिसेंबर २०२४ मध्ये सिंगापूरला अठराव्या वर्षी विश्वविजेता झाला. यावर कोणी म्हणेल की गुकेशची प्रतिभा वेगळी. मान्य. पण ज्याला प्रतिभा कमी, त्याला तर स्वतः विचार करण्याच्या सरावाची अधिक गरज आहे. आधी स्वतःचे पृथक्करण कागदावर, मग सोबत्याबरोबर चर्चा, आणि अगदी शेवटी इंजिन, तेही जिथे दोघांचे जमले नाही तेवढ्यापुरते.

सारे करूनही सगळे सारखे वर चढत नाहीत. अर्जेंटिनातील खेळाडूंवर फर्नांड गोबे आणि गियेर्मो काम्पितेली यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात मास्टर होण्यासाठी लागलेले तास सरासरी अकरा हजार निघाले. पण एकाने सुमारे तीन हजार तासांत ते गाठले, तर दुसऱ्याला तेवीस हजारांहून अधिक लागले. जवळजवळ आठपटीचा फरक. हे पालकांनी मुलाला रागावण्याआधी लक्षात घ्यावे. शेजारच्या मुलीची मजल हे आपल्या मुलाचे मोजमाप होत नाही. त्याच्या वहीतली मागच्या वर्षीची चूक यंदा कमी झाली का, एवढेच पाहावे.

पोफळीतल्या लोकांपुढे माझी सूचना साधी आहे. हे वीजनिर्मितीचे गाव. भूमिगत केंद्रात पाळ्या चालतात, महानिर्मितीच्या वसाहतीत राज्याच्या सर्व भागांतून आलेली कुटुंबे राहतात, आणि जून ते सप्टेंबर सह्याद्रीचा पाऊस माणसांना घरात बसवतो. ज्या गावात चार महिने संध्याकाळी बाहेर काही करता येत नाही, त्या गावात बुद्धिबळाला जागा नाही असे कोण म्हणेल? चिपळूणच्या लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिराची स्थापना १८६४ ची. २०२१ च्या महापुरात त्याचे फार नुकसान झाले, तरी वाचनाची परंपरा या खोऱ्यात टिकून आहे. त्या परंपरेचा एक लहानसा भाग म्हणून पोफळीत एक कपाट करावे. त्यात पन्नास वेगवेगळी पुस्तके नकोत. चेर्नेव्हच्या पाच प्रती, एंडगेमच्या पाच, सोप्या कोड्यांच्या दहा. सर्वांनी तेच पान एकाच आठवड्यात वाचले, तर वाद घालायला काही समान उरते.

शनिवारी संध्याकाळी सहा ते नऊ पट मांडावेत. प्रत्येकाला एक तास, घड्याळ लावून, आणि प्रत्येक चाल लिहून. मोबाइल दाराशी ठेवावेत. पाळीवरून आलेल्या काकांनी आठवीतल्या मुलीशी खेळावे आणि ती जिंकली तर तिच्याकडून आपली चूक समजून घ्यावी. डाव संपल्यावर अर्धा तास दोघांनी तिथेच बसून तो पुन्हा मांडावा. काही मुले चाली लिहायला नको म्हणतील, लिहिताना वेळ जातो म्हणतील. त्यांना पहिले काही आठवडे घड्याळात दहा मिनिटे जास्त द्यावीत, पण नोंदीतून सूट देऊ नये. नोंद नसलेला डाव वहीत येत नाही, आणि वहीत न आलेल्या डावावरून पुढचे पुस्तक ठरवता येत नाही.